पुस्तकातली कोरडी पाळ

केज,
९ सप्टेंबर

ती. आक्का,

तुला आणि दाजींना साष्टांग नमस्कार, आणि राजनंदिनीला तिच्या मामाचा एक धपाटा. फार दिवसांत दिला नाही, उधारी वाढलीय.

'पत्र लिहिण्यास कारण की' अशी सुरुवात आबा करायचे, आणि कारण मात्र कागद संपल्यावर कडेला आडवं, बारीक अक्षरात लिहायचे. माझंही आज तसंच होणार असं दिसतंय. तू सातवीपर्यंत शिकलीस ते आबांची पत्रं वाचण्यातच कामी आलं, तेव्हा माझंही वाचून घे.

फोनच्या जमान्यात हा पत्र कसलं पाठवतोय, असं म्हणशील. पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे आधी दाजींशी बोलायचं. ते तलावाच्या पाळीवर चढणार, तेव्हा रेंज येणार, मग पाऊसपाणी, मग मेंढरांचे भाव. तुझ्या वाट्याला शेवटी 'बरं हाय, ठिवते' एवढंच येतं. हरिबा रोज दूध गोळा करायला तुमच्याकडून जातोच. त्याच्या खिशात पत्र टाकलं की झालं. वाचणार नाही तो, त्याला चष्मा लागलाय आणि तो मान्य करत नाही.

इकडे सगळं ठीक. तुझी भावजय संगीता म्हणते, आक्काला दिवाळीला आणाच. मी म्हटलं, दोनशे मेंढरं पण आणावी लागतील, तुझ्या गच्चीवर बसव.

आता आनंदाची बातमी. आपलं पुस्तक झालं! 'माळावरची शाळा' संभाजीनगरच्या संस्थेनं बाहेर काढलं. मेंढरांमागं, ऊसतोडीच्या कोयत्यामागं हिंडणाऱ्या पोरांसाठी फोनवरचं पुस्तक, ज्यात वाचायचंही आहे आणि बघायचंही. आणि सगळ्यात गाजलीस तू. 'कोकरू आजारी आहे हे कसं ओळखायचं' या धड्यात तू कोकराची पापणी खाली ओढतेस आणि म्हणतेस, "पांढरी दिसली की समजायचं, रगत कमी हाय." युसूफ वडगावच्या शाळेत पोरं आता एकमेकांच्या पापण्या ओढून 'रगत कमी हाय' म्हणत हिंडतात. गुरुजी बेजार झालेत. संस्थेच्या मॅडमचा फोन आला होता, म्हणाल्या, "ताई किती सहज बोलतात." मी म्हटलं, मॅडम, ती सहज बोलत नाही, ती रागावलेली होती, मी तिचं काम अडवून धरलं होतं.

तू विचारलं होतंस ना, त्या दिवशी मी मोठा कॅमेरा लावून एवढा वेळ शूटिंग केलं आणि फोनात आलं ते इवलंसं कसं? तोच तर माझा धंदा आहे. ओरिजिनल व्हिडिओ एवढा जड असतो की तुमच्या माळावर उतरवायला बसलं तर राजनंदिनीचं लग्न होईल. मॅडमचा नियम म्हणजे एकेक व्हिडिओ पाच एमबीच्या आत. म्हणून तो बारीक करायचा. कॉम्प्युटर मोठा आळशी असतो बघ. जे हलत नाही ते तो पुन्हा पुन्हा काढत नाही, 'मघासारखंच' म्हणून सोडून देतो. भिंत, डोंगर, आभाळ, सगळं मघासारखंच. जे हलतं तेवढंच नव्यानं काढतो. म्हणजे व्हिडिओत जागा खातं ते हलणारं. माणूस शांत बसला तर व्हिडिओ लहान, पोरं नाचली तर मोठा. बारशाचे व्हिडिओ लहान होत नाहीत ते त्यामुळंच, सगळ्या बायका एकदम हलतात.

तुझा व्हिडिओ तर अगदी सोपा होता. तू बसलेली, मांडीवर कोकरू, मागं तलावाची पाळ. पोळ्याचा दिवस, वारा नाही, तुझा पदरसुद्धा हलत नव्हता. तरी तो काही केल्या पाच एमबीत बसेना. शेवटी बसवला कसाबसा.

बरं, एक विचारायचं होतं. तुमचं पाल अजून त्रिंबकरावांच्या त्याच रानात आहे का? पाळीच्या खालच्या? परवा युसूफ वडगावला एका बारशाचं शूटिंग होतं. पाहुणे हात धुवायला मागं एक ड्रम ठेवला होता, तो बुडाशी गळत होता आणि चिखलातून पाणी निघत होतं. तो व्हिडिओ बारीक करायला बसलो तर त्या कोपऱ्यात बारीक थरथर दिसली. मोठं करून बघितलं तेव्हा कळलं, पाणी आहे. तेव्हापासून तुझ्या मागची पाळ डोळ्यांपुढून जात नाही.

तू बसली होतीस तिथून पाळीकडं तोंड केलं की डाव्या हाताला, पाळीच्या पायथ्याशी वेड्या बाभळी माजल्यात बघ. त्यांच्या बुडाशी गवत आहे. त्या गवतात पाणी आहे का तेवढं बघशील? आणि असलं तर नितळ आहे का गढूळ? तलाव यंदा तोंडोतोंड भरलाय असं हरिबा सांगतो, आणि तुम्ही तिघं, मेंढरं, कोकरं, सगळं बिऱ्हाड त्याच्या अगदी खाली आहे. म्हणून आपलं विचारलं. घाबरू नकोस, पण बघ. आणि दाजींना मी विचारलं म्हणून सांगू नकोस. त्यांना वाटेल, लॅपटॉपवर बसणारा माणूस मला रान शिकवतोय.

हरिबाकडं निरोप दे.

तुझा,
भागवत


केज,
१७ सप्टेंबर

ती. आक्का,

नमस्कार. तुझा निरोप हरिबानं तुझी नक्कल करून सांगितला, हात कमरेवर ठेवून. "भागवतला म्हनावं, बाभळीत शिरायला वाटच न्हाई. पर पोरीनं पुस्तक लावलं तवा नीट बगितलं. पाळ कोरडीठाक हाय. नाहक जिवाला घोर लावून घिऊ नको." मग कमरेवरचा हात काढून तो म्हणाला, "आनि आक्का म्हनली, त्या कोपऱ्यात मेंढरं बसंनात. त्रिंबकराव कटकट करायलाय, तितं लेंडीचं खत पडंना म्हून. मंग दाजीनं वाघरच पाळीकडं सरकवली."

म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी तुम्ही आणखी पाळीच्या पोटाशी नेली. हे ऐकल्यावर मला काय वाटलं ते लिहीत नाही. संगीतानं विचारलं, चहा का टाकून दिला?

आक्का, मेंढरं बसत नाहीत ती उगाच का? तू मला लहानपणी सांगितलंस, ओल्या जमिनीवर मेंढरू बसत नाही, त्याच्या पोटाला कळतं. आता तूच म्हणतेस, पुस्तकात कोरडं आहे.

तुझा निरोप आल्यावर मी स्वस्थ बसलो नाही. इथं केजात तलावाची तक्रार कोणत्या ऑफिसात करायची हे शोधण्यात दोन ऑफिसं गेली. तिसऱ्यात एक साहेब भेटले. माणूस वाईट नाही, चहा पाजला. म्हणाले, रविवारी तिकडं एका कार्यक्रमाला येणार आहे, जाता जाता बघू. मला बरं वाटलं. सरकारी माणूस रविवारी येतो म्हणजे पाऊसच पडणार, आणि तो पडलाच.

त्या रविवारी मी तुमच्याकडं आलो होतो. तुला दाजींनी सांगितलं का नाही, मला ठाऊक नाही. तू मेंढरं घेऊन राजनंदिनीबरोबर वरच्या माळावर गेलतीस. पालापाशी दाजी आणि त्रिंबकराव होते, कोकरं घोंगड्याखाली होती. साहेब छत्री घेऊन पाळीवर उभे राहिले. मी म्हटलं, साहेब, खाली बाभळीत जाऊन बघू. त्यांनी आधी बाभळीकडं बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडं. तेवढ्यात त्रिंबकराव म्हणाले, "बाबळीत कावून शिरता सायेब? याचाच व्हिडिओ हाय की. ह्यो बगा." आणि त्यांनी आपलं पुस्तक लावलं. आख्ख्या गावात आता सगळ्यांच्या फोनात आहे ते. मीच वाटत सुटलो होतो.

साहेबांनी छत्रीखाली उभं राहून तो धडा पुरा बघितला. तू पापणी ओढलीस तेव्हा हसले. मग कोपरा बोटांनी मोठा करून बघितला आणि मला दाखवला. "तुमच्याच व्हिडिओत तर स्पष्ट दिसतंय. पायथा कोरडा आहे." मी म्हटलं, आता बदललं असेल. ते म्हणाले, "महिन्याभरात पाळ बदलत नाही हो. भीती वाटली की काहीही दिसतं." आणि कार्यक्रमाला उशीर होतो म्हणून गेले.

जाताना मी सांडव्याकडं बघितलं. सांडव्यावर वाळूच्या पोत्यांचा थर रचलाय. जादाचं पाणी जिथून निघून जायचं तिथंच बूच मारलंय. त्रिंबकरावांना विचारलं तर ते मोठ्या प्रेमानं म्हणाले, "इतक्या वर्सांनी देवानं दिलंय, ते वाहून कावून जाऊ द्यावं? उन्हाळ्यात उसाला लागंल." माणूस दुष्ट नाही गं. पाण्याचा भुकेला आहे, आणि आपल्या इकडं पाण्याची भूक कुणाला नाही! पण त्या पोत्यांमुळं तलाव हातभर आणखी चढलाय, आणि तो चढलेला सगळा भार त्या पायथ्यावर आहे.

मग दाजींनी मला बाजूला घेतलं. रागावले नव्हते, ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "भागवत, नारळ फोडून, साऱ्या रानाला खत द्यायचा शब्द दिऊन मेंढरांचा वाडा बसवलाय मी. रान अर्दं सोडून उठलो तर उंद्या कोन मला रानात घील? निम्म्या मेंढ्या व्यालेल्या हायत, कोकरं चालत न्हाईत. पावसात ही कच्चीबच्ची कुटं घिऊन जाऊ? तरी तू म्हन, मी उटतो. पर मला एक सांग. तुजं पुस्तक खरं का तू खरा?"

त्रिंबकराव तिथंच उभे होते. मी म्हणालो, "बघून सांगतो, दाजी."

एवढंच म्हणालो आणि मोटारसायकलला किक मारली. परत येताना ओढ्याच्या फरशी-पुलावरून पाणी वाहायला लागलं होतं, अर्ध्या चाकापर्यंत. का नीट बोललो नाही ते सोड. त्यानंतर दाजी माझा फोन उचलत नाहीत, तेही बरोबरच आहे.

आता माझं ऐक. पुस्तकात बघू नकोस. पोरीनं लावलं तरी बघू नकोस. कोयता घे, बाभळीतून वाट काढ आणि स्वतः जाऊन त्या गवतात हात घाल. आबा आणि आई रोजगार हमीवर अशाच पाळींवर माती टाकायला जायचे, तुला आठवत असेल, तू मला मांडीवर घेऊन मातीच्या पाटीपाशी बसायचीस. आबा म्हणायचे, पाळीतून नितळ पाणी पाझरलं तर तलावाला घाम आलाय असं समजावं, पाझर तलाव पाझरायचाच. पण गढूळ आलं तर पाण्याबरोबर पाळीची माती यायला लागली, पाळ आतून पोकळ होतेय. मग माणसं हलवावीत, विचारत बसू नये.

एकटी जाऊ नकोस, पण राजनंदिनीला नेऊ नकोस. कुणाला न्यावं हे मला सुचत नाही.

हे पत्र दाजींना दाखवू नकोस.

काळजीत असलेला,
भागवत


केज,
२३ सप्टेंबर, सकाळ

ती. आक्का,

तुझी बाटली मिळाली.

हरिबानं ती दुधाच्या कॅनांच्या मधे उभी करून आणली आणि माझ्या टेबलावर लॅपटॉपशेजारी ठेवली. म्हणाला, "आक्काचे हात बाबळीनं पार सोलवटलेत. कुतं बी पाळीकडं त्वांड करून बसायलंय." मी बाटलीला हात लावला नाही. घटकाभरात पाणी वर नितळलं आणि खाली बोटभर माती बसली, पिवळी, मऊ, पिठासारखी. रानातली काळी नाही ती. पाळीच्या पोटातली आहे. संगीतानं बाटली बघितली आणि आत जाऊन कपडे भरायला लागली.

तुझा निरोप मी हरिबाकडून परत परत वदवून घेतला. "पानी जिमिनीतून उसळी मारून यायलंय, बोट घातलं तर बोट आत जातंय. ल्हान पोराच्या मनगटाएवढं भोक हाय. मी ह्यास्नी दावलं. तर हे म्हनले, धा दिस झाले पाऊस लागलाय, पानी सगळ्या रानातच हाय. पोळ्याला पुस्तकात कोरडं व्हतं, म्हंजे हे आताचं पावसाचं हाय. पाऊस उघडला की आटंल."

दाजींचं चुकत नाही, आक्का. पुस्तक खरं धरलं तर त्यांचं बोलणं अगदी बरोबर आहे. म्हणून हे पत्र तू त्यांना वाचून दाखव. मोठ्यानं वाच. त्रिंबकराव तिथं असले तर त्यांच्यासमोर वाच, आणि इथून पुढचं एकही अक्षर गाळू नकोस.

दाजी, तुमच्या भागवतचा नमस्कार.

तुम्ही मला पालापाशी विचारलंत, पुस्तक खरं का मी. उत्तर देतो. पुस्तक खोटं आहे. पोळ्यालासुद्धा तिथं पाणी होतं.

आक्काचा व्हिडिओ पाच एमबीत बसत नव्हता. काहीच हलत नाही आणि तरी हा एवढा मोठा का, म्हणून मी चिडलो होतो. मग मोठा करून शोधलं. डाव्या कोपऱ्यात, बाभळीच्या बुडाशी, बारीक थरथर होती. मला वाटलं गवत असेल, ऊन असेल. वारा नव्हता हे तेव्हा डोक्यात आलं नाही, कारण तेव्हा मी पाळ बघत नव्हतो, एमबी बघत होतो. दुसऱ्या दिवशी पुस्तक द्यायचं होतं. मी त्या कोपऱ्याचा एक फोटो काढला, स्थिर, आणि व्हिडिओवर ठिगळासारखा चिकटवला. तेवढी जागा हलायची थांबली, आणि त्याबरोबर गवतातलं पाणीही दिसेनासं झालं. व्हिडिओ लगेच लहान झाला. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं, संगीताला बोलावून दाखवलं.

बारीक व्हिडिओ झाला की ओरिजिनल मी पुसून टाकतो. लॅपटॉपमध्ये जागा राहत नाही, पुढचं बारसं, पुढचा साखरपुडा लगेच येतो. हाही पुसला. त्यामुळं साहेबांना दाखवायला माझ्याकडं काही नाही. जगात त्या पाळीचं पोळ्याच्या दिवसाचं एकच चित्र उरलंय, ते तुमच्या फोनात आहे, आणि त्यातला तो कोपरा मी केलेला आहे.

तुम्ही विचारलंत तेव्हा मला हे सगळं ठाऊक होतं. बारशाचा ड्रम बघितला त्या दिवसापासूनच ठाऊक होतं. त्रिंबकराव उभे होते, साहेब नुकतेच गेले होते, आणि संस्था मला पुढची दोन पुस्तकं देणार होती. ज्यानं चित्रात ठिगळ लावलं त्याला कोण काम देईल, असं मनात आलं. म्हणून 'बघून सांगतो' म्हणालो. दाजी, माझ्या सख्ख्या बहिणीचं बिऱ्हाड त्या पाळीखाली होतं आणि मी हे मनात आणलं. मला माझीच लाज वाटते. ती वाटू द्या, पण तुम्ही उठा.

आज सकाळी मॅडमला फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, धडा काढून टाकते. पण त्यांनी तिकडून काढला तरी ज्यांच्या फोनात पुस्तक एकदा उतरलं त्यांच्याकडं ते तसंच राहणार. तुमच्याकडं, त्रिंबकरावांकडं, गावात प्रत्येकाकडं पाळ कोरडीच दिसत राहणार. म्हणून फोन बघू नका. बाभळीत आक्कानं वाट केलीय, तिथं जा. हात घाला. ते पाणी पोळ्याच्या आधीपासूनचं आहे, आणि तेव्हापासून रोज थोडी थोडी माती घेऊन जातंय. पाऊस उघडला तरी ते आटणार नाही.

त्रिंबकराव, तुम्ही ऐकत असाल तर हात जोडून सांगतो, सांडव्यावरची पोती काढा. हरिबा सांगतो, काल तुम्ही आणखी एक थर चढवलाय. पाणी जाईल त्याचं दुःख मला कळतं. पण पाळ गेली तर पाणीही जाईल आणि रानातली मातीही, मग मेंढरं कशावर बसवाल? आणि दाजींचा शब्द मोडला असं गावात म्हणू नका. शब्द त्यांनी मोडला नाही, मी मोडायला लावला. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा, व्हिडिओत ठिगळ लावणारा भागवत म्हणून सांगा.

आक्का, आता तुझ्यासाठी. हरिबा हे पत्र घेऊन आत्ता निघतोय. फरशीवरून जाता आलं तर पत्र तुला सकाळीच मिळेल. तो म्हणतो, पाणी चढलेलं असलं तर डोंगराच्या वाटेनं चालत जाईन पण पोहोचवीन. मी युसूफ वडगावला जाऊन अंगदचा टेम्पो घेतो. कोकरं आणि व्यालेल्या मेंढ्या टेम्पोत घालू, बाकीची वरच्या माळावर चालत जातील. दुपारपर्यंत पोहोचतो. टेम्पो फरशीवर अडला तर अलीकडं ठेवून मी चालत येईन. तू माझी वाट बघू नकोस. राजनंदिनीला आत्ताच माळावर पाठव, धाकटी कोकरं तिच्यासोबत दे, पाटीत घालून. भांडीकुंडी राहू दे. घोंगड्या घे.

तिला रागावू नकोस, पण तो फोन तिच्या हातातून काढून घे. मामाचं पुस्तक बघत ती पालातच बसून राहील.

संगीताला मी घरी थांब म्हणतोय, ती ऐकत नाही. म्हणते, आक्काचे हात सोलवटलेत, कोकरं कोण उचलणार?

आणि एवढं सगळं वाचूनही दाजी उठले नाहीत, तर मी भांडणार नाही. त्यांना ओरडणार नाही, तुलाही ओढून नेणार नाही. जिथं मेंढरं बसत नाहीत त्या कोपऱ्यात, पाळीच्या अगदी बुडाशी, माझं अंथरूण टाकीन. तुम्ही उठाल तेव्हा उठेन.

या पत्राचं उत्तर पाठवू नकोस. पाळीकडं कान ठेव.

येतोय,
तुझा भाऊ भागवत